बडोद्याच्या दोन वर्गखोल्या

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेला कुणीही तीन शब्द विसरत नाही: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. समोर मांडलेली बादली आणि शेजारचे दोन कांदे पाहून काढायचं ते वस्तुचित्र. आठवडी बाजार, बसथांबा, पाणवठा आठवून काढायचा ते स्मरणचित्र. आमच्या शाळेत वस्तुचित्राचा सराव वर्षभर चाले. स्मरणचित्रासाठी मात्र ठरावीक गोष्टी घोटून घेतल्या जात: एक झाड, एक बैलगाडी, पाठमोऱ्या दोन बायका. गुण बरे मिळत. पण त्या बाजारात आम्ही कधी गेलेलो नसायचो आणि त्या बायका कुठल्या, हे कुणी विचारत नसे. पाहणं आणि आठवणं यांच्यामध्ये विचारणं असतं, हे शिकवणारा वर्ग कसा असतो ते मला फार उशिरा, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा इतिहास वाचताना कळलं.

हे विद्यापीठ 30 एप्रिल 1949 ला सुरू झालं. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. वर्षभरापूर्वीच संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमातल्या ‘सगळे पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सगळी माणसं’ असे शब्द यावेत, म्हणून झगडलेल्या. दिवाण मनुभाई मेहतांच्या या मुलीला बडोदं परकं नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या महाराजा सयाजीरावांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढलं होतं, 1894 मध्ये संग्रहालय उभारलं होतं. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे राजघराण्याचं स्मारक असलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी रंगवल्या. तरीही हंसाबाईंनी जे केलं ते नवंच होतं. त्यांनी 1950 मध्ये ललित कलेची स्वतंत्र विद्याशाखा उघडली आणि पुढच्याच वर्षी समाजशास्त्राचा विभाग उभा करायला म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांना बोलावलं.

तोवर आपल्याकडे चित्रकला शिकायची म्हणजे मुंबईचं जे. जे. किंवा तसंच एखादं कलाविद्यालय, आणि हाती पडायची जी. डी. आर्टची पदविका. विद्यापीठाची पदवी चित्रकाराला देणारी देशातली पहिली संस्था म्हणून बडोद्याचं नाव घेतलं जातं. चित्रकाराला पदवी कशाला, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही अधूनमधून डोकं वर काढतो. ब्रश धरायला पदवी लागत नाही, हे खरंच. पण पदवी आली की मागोमाग इतिहास येतो, लिहिणं येतं, शेजारच्या इमारतीत चाललेली दुसऱ्या विषयांची चर्चा येते. चित्रकार माणसांत येतो.

सयाजीगंजातल्या पुष्पबाग नावाच्या आवारात ही विद्याशाखा वाढली. मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता. चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरचे मराठी बेंद्रे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली घडलेले, जलरंगातलं निसर्गचित्र लीलया उतरवणारे. शिल्पाला शंखो चौधुरी आणि 1951 पासून चित्रकलेत के. जी. सुब्रमण्यन, हे दोघे शांतिनिकेतनच्या मुशीतले. इंदूर-मुंबईकडची हाताची तयारी आणि शांतिनिकेतनची भोवतालच्या कारागिराकडे आदराने बघण्याची सवय, असे दोन प्रवाह इथे एका आवारात आले. बडोद्याचं वेगळेपण या संगमात आहे असं मी मानतो.

नव्या विद्यार्थ्याला इथे लगेच एका कप्प्यात टाकत नाहीत. रेखाटनाबरोबर माती हाताळायची, छापचित्राची तोंडओळख करून घ्यायची, कला-इतिहासाच्या तासाला बसायचं. मातीकाम ज्याने केलंय त्याला ठाऊक असेल, तारेच्या सांगाड्यावर माती चढवताना डोळ्यांची लबाडी टिकत नाही. कागदावर नाकाची बाजू सावलीत लपवता येते. मातीत मान वळवून मागे जावं लागतं, आणि मागे काहीच पाहिलेलं नाही हे तिथे उघडं पडतं. चित्रकार व्हायला निघालेल्याला माती मळायला लावणं यात फार मोठं शहाणपण आहे. वर्गाबाहेरचा वर्ग म्हणजे बडोदा रेल्वे स्टेशन. गाडीची वाट पाहत पेंगणारी माणसं, गाठोड्यावर डोकं टेकलेल्या बायका, हमाल. मॉडेल तासभर स्थिर बसतं, प्रवासी बसत नाही. तो कूस बदलतो आणि रेघ अर्ध्यावर राहते. तिथून पुढची रेघ आठवणीतली.

आता दुसरी वर्गखोली. श्रीनिवास 1951 ते 1959 बडोद्यात होते. मुंबईला गोविंद सदाशिव घुर्यांकडे शिकलेले, नंतर ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे. पाटी समाजशास्त्राची असली तरी ते शिकवत ते सामाजिक मानवशास्त्र. या दोन विषयांत भिंत घालणं भारतात निरर्थक आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. आपला समाज हा आदिवासी, तो खेडूत, तो शहरी असे तुकडे पाडून कळत नाही. धर्मग्रंथ वाचून जात कळते, या समजालाही त्यांनी धक्का दिला. ग्रंथात चार वर्ण सापडतात. गावात विहिरीवर, बांधावर, पंगतीत दिसते ती जात. ती पाहायला गावात जाऊन राहावं लागतं.

त्यांचे बडोद्यातले विद्यार्थी ए. एम. शाह खेडा जिल्ह्यातल्या राधवणज गावी जाऊन राहिले. घरटी माणसं मोजत, नाती लिहीत त्यांनी ‘पूर्वी सगळे एकत्र कुटुंबात राहायचे’ या गोड समजुतीची कसून तपासणी केली. आर. जी. श्रॉफ यांच्याबरोबर त्यांनी गुजरातच्या वहीवंचा बारोटांचा अभ्यास केला. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वंशावळी वहीत लिहिणारी, त्या वाचून दाखवणारी ही जात. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला वंशावळ सांगत दारी येणाऱ्या हेळव्यांना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे लगेच उमजेल. विद्यापीठातला अभ्यासक त्या वह्यांपुढे बसला आणि त्यांतल्या नोंदी कुणाच्या सोयीने बदलतात, कुणाचं नाव गळतं, हे शोधू लागला. मानवशास्त्राच्या पहिल्या धड्यातली ही खरी गोम: माहिती देणाराही समाजाचाच भाग असतो.

श्रीनिवासांच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात ते 1948 मध्ये मुक्काम करून राहिले होते. त्याला त्यांनी रामपुरा असं नाव दिलं. तिथल्या टिपणांवर वर्षानुवर्षं काम करून त्यांनी ती लेखनासाठी तयार केली. 1970 च्या एप्रिलमध्ये ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या अभ्यासकेंद्रात असताना जाळपोळ झाली आणि तयार टिपणांच्या प्रती आगीत सापडल्या. सहकारी मानवशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी सुचवलं, आठवणीतून लिहा. श्रीनिवासांनी तसं लिहिलं. 1976 मध्ये आलेलं ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे पुस्तक म्हणजे शब्दांतलं स्मरणचित्र आहे. गावचा मुखिया, त्याची जरब, शेतातली कामं, भांडणं, सगळं जिवंत. आम्ही शाळेत काढलेल्या स्मरणचित्रांत जे नव्हतं ते इथे आहे, कारण आठवण्याआधी या माणसाने पाहिलं होतं, आणि पाहताना विचारलं होतं.

या दोन वर्गखोल्यांमधलं अंतर पुढे ज्यांनी मिटवलं ते ज्योती भट्ट. भावनगरचे. 1950 मध्ये ललित कलेच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले, बेंद्रे आणि शंखो चौधुरींचे विद्यार्थी. नंतर नेपल्स आणि न्यूयॉर्कला छापचित्र शिकून परतले आणि बडोद्यातच शिकवू लागले. गुजरातच्या लोककलेवरच्या एका परिसंवादासाठी 1967 मध्ये ते कॅमेरा घेऊन खेड्यांत गेले. काम एका परिसंवादापुरतं होतं, ते काही दशकं चाललं. शिल्पकार मित्र राघव कनेरिया अनेकदा बरोबर असत. राजस्थानात मीणा बायका शेणाने सारवलेल्या भिंतींवर खडूमातीने काढतात ते मांडणे, गुजरातेतली भिंतीवरची मातीची उठावचित्रं, दारं, कोठ्या, अंगावरचं गोंदण.

भट्टांनी चित्र एकटं उचलून आणलं नाही. फोटोत भिंत आहे, भिंतीपुढे ती काढणारी बाई आहे, तिच्या कडेवर पोर आहे, कोपऱ्यात शेळी. संग्रहालयात पोचलेल्या वस्तूला भोवताल उरत नाही. या फोटोंत तो शाबूत राहिला. बडोद्याच्या पूर्वेला छोटा उदेपूरकडे राठवा लोक नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर पिठोरा लिहवून घेतात. ‘लिहवून’ म्हणायचं, कारण तो काढणारा लखारा, म्हणजे लिहिणारा. कुमारिका भिंत सारवतात, रंगात दूध आणि मोहाची दारू पडते, घोडे उमटतात, आणि बडवा, म्हणजे पुजारी, येऊन सगळं नीट उतरलंय का ते पाहतो. यात ‘चित्र’ नेमकं कुठे सुरू होतं? सारवण्यात, नवसात की घोड्यात? फक्त रंग-रेषा शिकलेला याला उत्तर देऊ शकत नाही. फक्त चालीरीती शिकलेला घोड्याच्या मानेचा बाक पाहत नाही. बडोद्याने नामवंत चित्रकार पुष्कळ दिले. तरी त्या विद्यापीठाच्या शिक्षणाचं सर्वांत मोलाचं फळ मला भट्टांचे हे फोटो वाटतात. भट्टांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली.

सुब्रमण्यन यांचं काम वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचलं. 1959 ते 1961 ते मुंबईत हातमाग मंडळात होते, विणकरांच्या संगतीत. परतल्यावर 1961 पासून बडोद्यात फाइन आर्ट्सचा मेळा भरू लागला: शिक्षक-विद्यार्थ्यांनी लाकूड, कातडं, मणी जोडून खेळणी करायची आणि गावातल्या लोकांना विकायची.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या खेड्यांतली मातीची घरं झपाट्याने पडताहेत. नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग, लग्नातली चौकटीभोवतीची वेलबुट्टी, ओसरीवरचे हाताचे ठसे ऑइलपेंटखाली जाताहेत. तुमच्या घरी, आजोळी असं काही शिल्लक असेल तर या सुट्टीत भट्टांसारखा त्याचा फोटो काढा. काढणाऱ्या आजीला, मावशीला भिंतीपुढे उभं करा, आणि कधी काढलं, कशासाठी, कुणाकडून शिकली, हे विचारून तिच्या नावासकट लिहून ठेवा.