निवास व स्थलांतर, विधिविषयक

मूळ ठिकाण सोडून अन्यत्र राहणाऱ्या व्यक्तीचे शासनाशी असलेले नाते ठरविणाऱ्या नियमांचा समुच्चय. परदेशी राहणाऱ्यांच्या बाबतीत व्हिसा, प्राप्तिकर, नागरिकत्व, जमीनधारणा व मतदान यांविषयीचे नियम त्यात येतात. देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यांच्या बाबतीत शिधापत्रिका, अधिवासाचा दाखला, जमातीचे प्रमाणपत्र व मजुरीविषयक कायदे यांचा समावेश होतो. हे दोन्ही वर्ग वरवर पाहता भिन्न वाटतात. तथापि त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. माणूस एका ठिकाणी राबतो आणि त्याचे घर, जमीन व कुटुंब दुसऱ्या ठिकाणी असते, अशा वेळी त्याच्यावर कोणाचे कर्तव्य व त्याच्याकडून कोणाचे येणे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्यांची स्थिती आणि नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव भागातून शेजारच्या गुजरातमध्ये जाणाऱ्या मजुरांची स्थिती यांचा एकत्र विचार केला आहे.

मूलभूत संकल्पना : निवास, अधिवास व नागरिकत्व या तीन संज्ञा व्यवहारात समानार्थी वापरल्या जात असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत. निवास ही वस्तुस्थिती आहे व ती बहुधा दिवसांच्या गणनेने ठरते. अधिवासात वास्तव्याबरोबरच तेथे कायम राहण्याचा हेतू अभिप्रेत असतो. नागरिकत्व हे व्यक्ती व राष्ट्र यांमधील नाते असून ते देशाबाहेर राहिल्याने आपोआप संपत नाही. एकच व्यक्ती एका देशाची नागरिक, दुसऱ्या देशाची करनिवासी आणि अधिवासाने तिसऱ्याच ठिकाणची असू शकते. स्थलांतरितांच्या बहुतेक अडचणी या तिन्हींचा मेळ न बसल्यामुळे उद्‌भवतात.

पारपत्र व व्हिसा : पारपत्र आपले शासन देते, तर व्हिसा दुसरे शासन देते. म्हणून पहिल्याच्या बाबतीत नागरिकाला हक्क सांगता येतो, दुसऱ्याच्या बाबतीत केवळ विनंती करता येते. परदेशगमनाचे स्वातंत्र्य हे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला व त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला.

नोकरीसाठी मिळणारा व्हिसा अनेक देशांत विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो. इराणच्या आखातालगतच्या अरब देशांत ही पद्धत ‘कफाला’ या नावाने ओळखली जाते. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, या देशांत गेलेल्या कामगारांना तिचा अनुभव आहे. मालक हाच कामगाराचा जामीनदार असल्यामुळे नोकरी सुटली, की राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. त्यामुळे वेतन थकले तरी तक्रार करण्यास कामगार कचरतो. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारी मालकाच्या संमतीची अट काढून टाकली, हा या पद्धतीतील एक महत्त्वाचा बदल होय. भारताच्या बाजूने १९२२ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने मजूर पाठविणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली आणि दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासाची अनुज्ञा घेणे आवश्यक ठरविले. कमी शिकलेल्याची फसवणूक टाळणे, हा या अटीमागील हेतू आहे. परंतु जो पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन तेथे काम धरतो, तो या संरक्षणाच्या बाहेर पडतो.

अमेरिकेत जाणाऱ्या सुशिक्षितांची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तेथील ‘एच-१बी’ हा व्हिसा प्रथम तीन व एकूण सहा वर्षांपर्यंत मिळतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० व्हिसा राखलेले आहेत. कायम वास्तव्याच्या परवान्यांत मात्र कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. यामुळे भारतीयांची प्रतीक्षायादी अनेक वर्षे लांबते. अर्ज प्रलंबित असताना व्हिसाची मुदत वाढू शकते. परंतु आईवडिलांच्या व्हिसावर राहणारी मुले २१ वर्षांची झाली, की काही अपवाद वगळता त्यांचा तेथे राहण्याचा आधार संपतो. जे मूल पुण्यात किंवा नाशिकात जन्मून तिसऱ्या वर्षी अमेरिकेत गेले, त्याला ज्या देशात आपण वाढलो तेथेच स्वतंत्र परवानगी मागावी लागते.

कर : भारतात प्राप्तिकराची आकारणी नागरिकत्वावर नव्हे, तर निवासावर अवलंबून असते. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमानुसार एका वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. वर्षात ६० दिवस व त्यापूर्वीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, अशी दुसरी कसोटीही आहे; नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकांच्या बाबतीत तीमधील ६० दिवसांऐवजी १८२ दिवस धरले जातात. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात यावयाच्या २०२५ च्या नव्या अधिनियमातही दिवसगणनेचे हेच तत्त्व कायम ठेवण्यात आले. निवासी व्यक्तीला सामान्यतः जगभरातील उत्पन्नावर, तर अनिवासी व्यक्तीला केवळ भारतात मिळालेल्या वा उद्‌भवलेल्या उत्पन्नावर कर द्यावा लागतो. म्हणूनच आजारी आईवडिलांसाठी भारतातला मुक्काम वाढविणाऱ्याला दिवस मोजावे लागतात. २०२० मध्ये या नियमांत दोन बदल झाले. भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असणाऱ्या व भेटीसाठी येणाऱ्या नागरिकांच्या बाबतीत १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा आली, आणि तेवढेच उत्पन्न असलेला जो नागरिक अन्य कोणत्याही देशात निवासामुळे करपात्र नसेल, तो भारतातील निवासी मानला जाऊ लागला.

एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर आकारू नये म्हणून द्विपक्षीय करार केले जातात. भारत व अमेरिका यांचा असा करार १९८९ मध्ये झाला. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते कोठेही राहिले तरी कर आकारते. त्यामुळे तेथील नागरिकत्व घेऊन उतारवयात महाराष्ट्रात परतलेल्या व्यक्तीला दोन्ही देशांत विवरणपत्र भरावे लागते. कराराने दुहेरी बोजा बव्हंशी टळतो, कागदपत्रांचा व्याप टळत नाही.

सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीची बाब याहून गंभीर आहे. अमेरिकेत नोकरदाराच्या वेतनातून निवृत्तिवेतनासाठी ६.२ टक्के रक्कम कापली जाते व मालक तितकीच भर घालतो. परंतु निवृत्तिवेतनाचा हक्क सामान्यतः ४० तिमाहींच्या, म्हणजे किमान दहा वर्षांच्या, वर्गणीनंतर मिळतो. सहा वर्षांच्या व्हिसावर जाऊन परतणाऱ्याची वर्गणी त्यामुळे वाया जाते. बेल्जियम, जर्मनी इ. देशांशी भारताने सामाजिक सुरक्षा करार करून हा प्रश्न सोडविला आहे. बेल्जियमशी झालेला करार २००९ मध्ये अंमलात आला.

मालमत्ता व राजकीय हक्क : १९७३ च्या परकीय चलन नियमन अधिनियमाची जागा २००० मध्ये परकीय चलन व्यवस्थापन अधिनियमाने (१९९९) घेतली. त्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयाला घर विकत घेता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मिळालेली शेती मात्र त्याला ठेवता येते. परकीय नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. अशांसाठी २००५ पासून ‘भारताचे समुद्रपार नागरिक’ ही नोंदणी उपलब्ध आहे. तिने व्हिसावाचून येण्याजाण्याचा हक्क मिळतो. मतदानाचा मिळत नाही. भारतीय पारपत्र कायम ठेवणाऱ्या अनिवासींना २०१० च्या दुरुस्तीने मूळ पत्त्यावरील मतदारयादीत नाव नोंदविण्याची मुभा मिळाली.

देशांतर्गत स्थलांतर – धडगावचे उदाहरण : धडगाव हे सातपुड्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण असून हा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतो. येथे पावरा व भिल्ल समाजांची वस्ती आहे. डोंगरउतारावरील शेती पावसावर अवलंबून असल्यामुळे खरीप उरकल्यावर अनेक कुटुंबे गुजरातची वाट धरतात. दक्षिण गुजरातमधील सहकारी साखर कारखान्यांसाठी ऊसतोडणी हे त्यांचे एक प्रमुख काम होय. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम आधी उचल देतो व हंगामात ती मजुरीतून फेडली जाते. होळी हा सातपुड्यातील सर्वांत मोठा सण असल्याने तेवढ्यापुरते का होईना, अनेक जण गावी परततात.

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भारतात कोठेही संचार करण्याचा व राहण्याचा हक्क दिला असल्यामुळे या मजुरांना व्हिसा लागत नाही. तथापि शासकीय योजना निवासाच्या पत्त्याशी बांधलेल्या असल्याने राज्याची सीमा ओलांडताच पत्त्यावर अवलंबून असलेले हक्क मागे राहतात. दीर्घकाळ शिधापत्रिका केवळ नेमून दिलेल्या दुकानातच चालत असे. म्हणजे कुटुंब उसाच्या फडावर असताना त्याच्या वाट्याचे धान्य डोंगरातील दुकानात राही. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र व गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली. आंध्र प्रदेश व तेलंगणा यांच्याबरोबर ही देशातील पहिलीच राज्यजोडी होती. या सोयीसाठी आधार क्रमांकाची जोडणी व दुकानातील यंत्रावर बोटाचा ठसा जुळणे आवश्यक असते. कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांच्या बाबतीत ही अट नेहमीच सहज पुरी होते असे नाही.

जमातीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या व्यक्तीला नव्या राज्यात त्या दर्जाचे लाभ मागता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात दिला. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या याद्यांत भिल्ल, पावरा, वसावे ही नावे आहेत, आणि १ मे १९६० पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच मुंबई राज्यात होते. तरीही प्रमाणपत्र मूळ राज्याच्या सीमेपर्यंतच पुरते. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या १९७९ च्या निवाड्याने विस्थापितांच्या गुजरातमधील पुनर्वसनाची तरतूद केली होती व काही कुटुंबे तिकडे गेली. स्वेच्छेने नव्हे, तर शासनाच्या निर्णयाने स्थलांतर झालेल्यांनाही निवासाचे सर्व पुरावे नव्याने उभे करावे लागले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

कराच्या बाबतीतही असाच भेद आढळतो. नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा, अरुणाचल प्रदेश इ. ईशान्येकडील प्रदेशांत व लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना तेथील उत्पन्नावर प्राप्तिकराची सूट आहे; महाराष्ट्रातील आदिवासींना ती नाही. ऊसतोडणी मजुराचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूपच खाली असल्याने त्याला याची झळ लागत नाही. मात्र येथूनच शिकून शिक्षक वा अधिकारी झालेल्यास इतरांप्रमाणेच कर द्यावा लागतो.

मजुरांच्या संरक्षणासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम २ ऑक्टोबर १९८० पासून अंमलात आला. पाच वा अधिक असे कामगार आणणाऱ्या कंत्राटदाराने परवाना घ्यावा, प्रत्येकास छायाचित्रासह नोंदपुस्तिका द्यावी, मासिक मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांपैकी अधिक असेल तितका विस्थापन भत्ता व शिवाय प्रवासखर्च द्यावा, अशा त्याच्या तरतुदी होत्या. व्यवहारात मुकादम हा गावचाच किंवा नात्यातला, करार तोंडी आणि परवाना नाही, अशी स्थिती असल्यामुळे ऊसतोडणीत कायदा फारसा पोचला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने (२०२०) त्याची जागा घेतली. स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानणे, ही तीमधील सुधारणा होय. उलट संख्येची अट पाचांवरून दहांवर गेली व विस्थापन भत्ता वगळला गेला.

मूल्यमापन : परदेशस्थ भारतीय व हंगामी मजूर यांची तुलना केल्यास असे दिसते, की दोघांचेही हक्क ते प्रत्यक्ष कोठे राबतात यावर नव्हे, तर कागदोपत्री कोठे राहतात यावर ठरतात. पहिल्याच्या मदतीस करार, करसल्लागार व वकिलाती असतात. दुसऱ्याच्या बाबतीत दोन राज्यांमधील समन्वय हाच एकमेव आधार होय. शिधापत्रिकेच्या आंतरराज्य सोयीने असा समन्वय शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. जमातीचे प्रमाणपत्र, मुलांचे शिक्षण व मजुरीची नोंद या बाबतींत तो व्हावयाचा आहे. मतदानाच्या बाबतीत १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने तात्पुरत्या गैरहजेरीमुळे सर्वसाधारण निवास संपत नाही असे मानले आहे. परंतु मत देण्यासाठी स्वतः गावी यावे लागते. दुबईतील अभियंत्याला ते विमानभाड्यामुळे अवघड जाते, तर बारडोलीच्या फडावरील मजुराला बुडणाऱ्या मजुरीमुळे.