विज्ञानप्रसारक वैज्ञानिकांचा गौरव : स्वरूप, निकष आणि यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांची भूमिका

सारांश : प्रयोगशाळेतील संशोधनाचे मूल्यमापन करण्याच्या पद्धती रूढ आहेत, मात्र शाळेत जाऊन मुलांना विज्ञान शिकविणाऱ्या, जनसामान्यांशी संवाद साधणाऱ्या वैज्ञानिकाच्या स्वयंप्रेरित कार्याचे मोल कसे करावे, हा प्रश्न अद्याप पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या कार्याची परंपरा, त्यासाठी दिल्या गेलेल्या सन्मानांचे स्वरूप व मर्यादा यांचे विवेचन केले असून यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात महाविद्यालयीन पातळीवर असा गौरव कोणत्या निकषांवर व्हावा, याविषयी काही सूचना मांडल्या आहेत.

बीजशब्द : विज्ञानप्रसार, शालेय विज्ञानशिक्षण, स्वयंसेवा, सन्मान, विस्तारकार्य.

प्रस्तावना :

वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणविणे हे भारतीय राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे कर्तव्य घटनेत समाविष्ट झाले. परंतु कर्तव्य कागदावर आले म्हणजे दृष्टिकोन मनात रुजतो असे नाही. त्यासाठी विज्ञान जाणणाऱ्या माणसाने विज्ञान न जाणणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत जावे लागते. हे जाणे कोणाच्याही सेवाशर्तींत सक्तीचे नसते. त्यातून शोधनिबंध निष्पन्न होत नाही आणि पदोन्नतीलाही त्याचा विशेष हातभार लागत नाही. तरीही काही वैज्ञानिक आयुष्यभर हे कार्य करीत आले. त्यांचा सन्मान करणे म्हणजे नेमके कशाचा सन्मान करणे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील परंपरा :

मराठीतून विज्ञानप्रसार करण्याच्या हेतूने १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेने व्याख्याने, अधिवेशने, नियतकालिक व स्पर्धा यांच्याद्वारे वैज्ञानिक आणि वाचक यांच्यात सेतू बांधला. याच परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. कथा पाठविणाऱ्याचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे लेखक म्हणजे प्रत्यक्षात डॉ. जयंत विष्णू नारळीकर होते. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. जागतिक कीर्तीच्या खगोलशास्त्रज्ञाने आपले नाव बाजूला ठेवून मराठी वाचकासमोर परीक्षार्थी म्हणून उभे राहावे, ही घटना या परंपरेचे मर्म सांगून जाते.

त्याच वर्षी, १९७४ मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी हे केंद्राच्या उभारणीतील प्रमुख नाव. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या कुलकर्णींनी आपले लक्ष शालेय शिक्षणाकडे वळविले. केंद्राच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या प्रकल्पांपैकी एक जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात, ग्रामीण शाळांच्या शिक्षकांसोबत राबविला गेला. ग्रामीण विद्यार्थी विज्ञानात मागे पडतो तो बुद्धीमुळे नव्हे; अनेकदा पाठ्यपुस्तकाची भाषाच त्याच्या आड येते, हा विचार कुलकर्णींनी आग्रहाने मांडला.

महाराष्ट्राबाहेर १९७२ साली मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रमही येथे स्मरणीय आहे. टाटा संस्थेतील वैज्ञानिक व दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आपला वेळ देऊन खेड्यातील शिक्षकांना प्रशिक्षण देत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि २००२ साली शासनाने तो बंद केला. तीस वर्षांचे कार्य एका निर्णयाने थांबू शकते, हा धडा सन्मानाच्या चर्चेत विसरता येत नाही. मात्र कार्यक्रम बंद झाला तरी त्यातून घडलेली माणसे उरली. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले व पुण्यातील टेल्कोत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या कार्यक्रमाच्या संपर्कात आले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे व आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार तयार करण्याची त्यांची कल्पना तेथेच साकारली. पुढे पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी मुलांच्या हाती दिली.

डॉ. नारळीकर : एक आदर्श :

डॉ. नारळीकर १९८८ साली 'आयुका'चे संस्थापक संचालक झाले. संशोधनासाठी स्थापन झालेल्या या संस्थेत त्यांनी शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने व प्रात्यक्षिके आणि उन्हाळी सुटीतील प्रकल्प सुरू केले. संस्थेचे वैज्ञानिक आपल्या कामातून वेळ काढून त्यात सहभागी होत. राष्ट्रीय विज्ञान दिनी संस्थेची दारे सर्वांसाठी खुली होत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर तयार झालेल्या एन.सी.ई.आर.टी.च्या विज्ञान व गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी नेमलेल्या सल्लागार गटाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

स्वाक्षरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांना ते सुचवीत की, एका पोस्टकार्डावर विज्ञानातील प्रश्न लिहून पाठवा; उत्तरासोबत स्वाक्षरी मिळेल. वरकरणी साधी वाटणारी ही कृती शैक्षणिकदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. स्वाक्षरीच्या मागणीत व्यक्तिपूजा असते. प्रश्नाच्या मागणीत मुलाला विचारकर्त्याचा दर्जा दिला जातो. विज्ञानप्रसारकाचा गौरव करताना आपण नेमकी हीच वृत्ती शोधली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सन्मानांचे स्वरूप आणि मर्यादा :

बिजू पटनायक यांच्या देणगीतून युनेस्कोने सुरू केलेला कलिंग पुरस्कार १९५२ पासून दिला जाऊ लागला. विज्ञान लोकप्रिय करणाऱ्यांसाठीचा हा जागतिक सन्मान १९९६ साली डॉ. नारळीकर यांना मिळाला. भारत सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेने १९८७ पासून विज्ञानप्रसारासाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. त्यांतील मुलांमध्ये विज्ञानप्रसार करण्याबद्दलचा पुरस्कार सुरुवातीच्या काळातच अरविंद गुप्ता यांना प्राप्त झाला व २०१८ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्याच वर्षीचा 'विज्ञान रत्न' हा सर्वोच्च राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर झाला.

तथापि या सन्मानांच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा अशी की, प्रसारकार्याबद्दलचा आदर अनेकदा संशोधनातील प्रतिष्ठेच्या आधारानेच मिळतो. नारळीकरांचे संशोधन श्रेष्ठ होते म्हणून त्यांचे प्रसारकार्यही थोर ठरले. सामान्य महाविद्यालयातील अध्यापकाला हा आधार नसतो. उलटपक्षी, प्रसारकार्य संशोधकाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरल्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत कार्ल सेगन यांना १९९२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व नाकारण्यात आले. त्यामागे त्यांची लोकप्रियता हे एक कारण होते, असे मानले जाते. त्याच अकादमीने १९९४ मध्ये त्यांना लोककल्याण पदक दिले. सभागृहात जागा नाही, परंतु गळ्यात पदक आहे, असा हा विरोधाभास होय.

दुसरी मर्यादा म्हणजे स्वतंत्र स्थानाचा अभाव. केंद्रीय विज्ञान खात्यांचे अनेक जुने पुरस्कार बंद करून २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नवी रचना करण्यात आली. रत्न, श्री, युवा आणि संघ असे तिचे चार प्रकार आहेत. त्यांत केवळ विज्ञानप्रसारासाठी राखलेला प्रकार नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत जवळची आहे. पुरस्कार मोजक्यांना मिळतात आणि कार्य मात्र असंख्यांनी करावयाचे असते. या दृष्टीने विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची २०२२ ची वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे उल्लेखनीय आहेत. वैज्ञानिक क्षेत्रातील प्रत्येक व्यक्तीने वर्षातून किमान १० दिवस समाजासाठी द्यावेत व त्याची नोंद कार्यमूल्यमापनात व्हावी, अशी त्यांत अपेक्षा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'जिज्ञासा' उपक्रमानेही सी.एस.आय.आर.च्या प्रयोगशाळा शालेय विद्यार्थ्यांशी जोडल्या. मात्र या दोहोंचा भर मुख्यतः संशोधनसंस्थांवर आहे. ज्या जिल्ह्यात राष्ट्रीय प्रयोगशाळा नाही, तेथे वैज्ञानिकाची भूमिका महाविद्यालयातील विज्ञानाच्या अध्यापकालाच पार पाडावी लागते.

यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ :

यवतमाळ हा असाच जिल्हा आहे. १६ तालुक्यांच्या या जिल्ह्यात विज्ञानप्रसार हा केवळ ज्ञानरंजनाचा विषय नाही. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि त्यांतील विक्रेते, उत्पादक व प्रशासन यांच्या जबाबदारीचा प्रश्न वेगळाच आहे. केवळ अज्ञानाला दोष देणे हा मृतांवर अन्याय ठरेल. तरीही कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती श्रेणी दाखवितो, सेंद्रिय फॉस्फरसयुक्त रसायन त्वचेतूनही शरीरात शिरते व चेतासंस्थेतील एका आवश्यक विकराचे कार्य रोखते, या गोष्टी आठवीतील मुलालाही समजू शकतात. ज्या घरात डब्यावरची सूचना वाचू शकणारी व्यक्ती बहुधा ते शाळकरी मूलच असते, तेथे रसायनशास्त्राच्या अध्यापकाने शाळेत घालविलेला एक तास कोणत्या मापाने मोजावा?

दुसरे उदाहरण पाण्याचे. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे भूजल अभ्यासांतून नोंदविले गेले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा ग्राह्य मानली जाते. पाणी उकळले की शुद्ध होते, हा समज जंतूंच्या बाबतीत खरा आहे. परंतु उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाण्याची वाफ झाल्याने उरलेल्या पाण्यात त्याची तीव्रता किंचित वाढते. दातांवरील तपकिरी पट्ट्यांना दैव न समजता पाण्याची तपासणी करून घ्यावी, हे सांगणारा माणूस गावाला हवा असतो.

जिल्ह्याची भूमीही एक खुली प्रयोगशाळा आहे. वणी-पांढरकवडा परिसरात शिबला-पार्डी येथे स्तंभाकार बेसॉल्ट खडक उघडा पडला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकुंचन पावला व त्याला भेगा पडून असे बहुकोनी स्तंभ तयार झाले. आपल्या गावाजवळच्या दगडात एवढा इतिहास दडला आहे, हे समजलेल्या मुलाला भूगोल परका वाटत नाही.

भाषेचा प्रश्नही येथे तीव्र आहे. बंजारा तांड्यावर गोरमाटी, तर कोलाम व गोंड पाड्यांवर कोलामी व गोंडी बोलली जाते. आश्रमशाळेतील मुलासाठी प्रमाण मराठीच मुळात दुसरी भाषा असते. वि. गो. कुलकर्णींचा भाषाविषयक विचार यवतमाळमध्ये अधिकच लागू पडतो. अशा मुलांना त्यांच्या बोलीतील शब्द विचारून घेत शिकविणारा अध्यापक दुहेरी कार्य करीत असतो.

महाविद्यालयांपुढील प्रश्न :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापकाच्या मूल्यमापनात विस्तारकार्याला स्थान आहे आणि नॅकच्या निकषांतही त्याचा समावेश राहिला आहे. तथापि प्रत्यक्षात ही नोंद उपक्रमांच्या संख्येवर येऊन थांबते. एक छायाचित्र, एक उपस्थितीपत्रक व एक प्रमाणपत्र एवढ्यावर काम भागते. विज्ञान दिनी एकदा भाषण देऊन येणारा व वर्षानुवर्षे एकाच शाळेत जाणारा यांच्यातील अंतर कागदावर दिसत नाही. परिणामतः मनापासून काम करणारा अध्यापक हळूहळू एकटा पडतो. ज्याची नोंद होत नाही ते काम संस्थेच्या स्मरणातूनही जाते आणि तो निवृत्त झाला की त्या शाळेशी असलेला दुवाही तुटतो.

म्हणून महाविद्यालयीन पातळीवरील गौरवासाठी पुढील निकष सुचवावेसे वाटतात :

१) सातत्य : कार्यक्रमांच्या संख्येपेक्षा एकाच शाळेशी किंवा गावाशी किमान तीन वर्षे टिकलेला संबंध महत्त्वाचा मानावा.

२) प्रश्नांची नोंद : किती विद्यार्थी उपस्थित होते यापेक्षा विद्यार्थ्यांनी कोणते प्रश्न विचारले, याची वही ठेवावी. वाढत जाणारे प्रश्न हाच यशाचा पुरावा होय.

३) शिक्षकाचा सहभाग : पाहुणा निघून गेल्यावर शाळेतील शिक्षक तो प्रयोग स्वतः करू शकतो का, हे पाहावे.

४) स्थानिकता : विषय जिल्ह्याच्या पाण्याशी, पिकाशी, खडकाशी व आरोग्याशी जोडलेला असावा.

५) निवडीत शाळेचा आवाज : सन्मानासाठीची शिफारस प्राचार्यांऐवजी शाळेकडून यावी.

गौरवाचे स्वरूपही बदलावे. शाल व श्रीफळ यांचा मान आपल्या परंपरेत आहेच. परंतु अशा अध्यापकाला खरी गरज वेळेची, प्रवासखर्चाची व साहित्याची असते. आठवड्यातील एक तासिका कमी करणे, शाळेपर्यंत जाण्याचा खर्च देणे, प्रयोगशाळेतील साधी उपकरणे नेण्याची परवानगी देणे आणि सोबत दोन विद्यार्थी जोडून देणे, हा अधिक फलदायी सन्मान ठरेल. विशेषतः विद्यार्थी जोडून दिल्याने कार्याला वारस मिळतो.

येथे एक आक्षेप संभवतो. स्वयंसेवेला मोबदला व निकष जोडले की ती स्वयंसेवा उरते काय? आक्षेप रास्त आहे. गुणांसाठी केलेले कार्य लवकरच औपचारिक होते. परंतु वरील सूचनांचा हेतू स्वयंसेवकाला आमिष दाखविण्याचा नसून त्याच्या वाटेतील अडथळे दूर करण्याचा आहे. प्रेरणा त्याची स्वतःची असते. संस्थेने केवळ तिची झीज थांबवावी.

निष्कर्ष :

वैज्ञानिकाच्या प्रसारकार्याचा गौरव म्हणजे त्याने आपला वेळ दुसऱ्याच्या जिज्ञासेसाठी दिला, याची समाजाने घेतलेली दखल होय. नारळीकर, कुलकर्णी व गुप्ता यांच्या कार्यातून असे दिसते की, मोठ्या संस्थेचे बळ उपयुक्त असले तरी या कार्याचा प्राण मुलाचा प्रश्न गांभीर्याने घेण्यात आहे. ते करण्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावी प्रश्न विचारीत लोकशिक्षण केले. त्या नावाखाली चालणाऱ्या महाविद्यालयांतून पांढरकवडा, झरी-जामणी वा उमरखेडच्या शाळेकडे नियमित जाणारा एखादा अध्यापक असेल, तर त्याला शोधून त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आपले पहिले काम आहे. त्याचा सत्कार नंतरही करता येईल. त्याची पुढची फेरी मात्र चुकता कामा नये.