विद्यापीठाची मोफत वेबसाइट: वापरायची कशी आणि डिग्रीनंतर सोबत न्यायची कशी?

अमेरिकेत किंवा कॅनडात एमएसला ॲडमिशन मिळालं की विद्यापीठाकडून एक आयडी आणि पासवर्ड येतो. त्यावर ईमेल उघडतो, लायब्ररी उघडते, लेक्चरचं वेळापत्रक दिसतं. बऱ्याच विद्यापीठांत त्याच आयडीवर आणखी एक गोष्ट फुकट मिळते, पण तिकडे फार कमी जण वळतात. ती म्हणजे स्वतःचा ब्लॉग किंवा वेबसाइट ठेवायला जागा.

प्रोजेक्ट दाखवायला, शिकलेलं लिहून ठेवायला, रेझ्युमेत एक चांगली लिंक द्यायला ही जागा मस्त आहे. अडचण एकच. डिग्री संपली की ही जागा बहुतेक वेळा सोडावी लागते. म्हणून आज आपण दोन्ही गोष्टी बघू: ही सेवा नीट वापरायची कशी आणि निघताना सगळं सामान सोबत न्यायचं कसं.

आधी ओळखा, तुम्हाला कोणती जागा मिळाली आहे

१. टिल्डवाली जागा: हा सगळ्यात जुना प्रकार. पत्त्यात विद्यापीठाच्या नावानंतर ~ हे चिन्ह आणि मग तुमचं युजरनेम असतं. सर्व्हरवर तुमच्या नावाचं एक फोल्डर असतं, त्यात एचटीएमएल फाइल टाकली की पान लाइव्ह. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या कम्प्युटर सायन्स विभागातल्या प्राध्यापकांची पानं अशाच पत्त्यांवर सापडतात. दिसायला साधी, पण हलवायला सगळ्यात सोपी. फोल्डर कॉपी केलं की काम झालं.

२. सामायिक वर्डप्रेस: हा आज बराच दिसणारा प्रकार. यात वर्डप्रेस एकदाच बसवलेलं असतं आणि त्यावर हजारो जणांच्या वेगवेगळ्या साइट्स चालतात. याला मल्टिसाइट म्हणतात. व्हर्जिनियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरी वॉशिंग्टनने २००७ मध्ये अशी सेवा सुरू केली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं ‘ॲकॅडेमिक कॉमन्स’ २००९ चं. तेव्हा यासाठी वर्डप्रेसची वेगळी आवृत्ती लागायची. २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० आलं आणि ही सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली.

इथे तुमची साइट स्वतंत्र दिसते, पण ती सोसायटीतल्या फ्लॅटसारखी असते. घरात सजावट तुमची, पण पाण्याची टाकी आणि लिफ्ट सगळ्यांची. नवं प्लगिन किंवा थीम बसवायचा अधिकार मुख्य ॲडमिनकडे असतो. दिलेल्या यादीतूनच तुम्हाला निवडायचं असतं. एकाच्या बिघडलेल्या प्लगिनमुळे सगळ्यांच्या साइट्स आडव्या होऊ नयेत, म्हणून हा नियम.

३. स्वतःचं डोमेन: मेरी वॉशिंग्टन विद्यापीठानेच २०१३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. विद्यार्थ्याला त्याने निवडलेल्या नावाचं डोमेन आणि थोडी सर्व्हरची जागा द्यायची. योजनेचं नाव ‘डोमेन ऑफ वन्स ओन’. व्हर्जिनिया वुल्फच्या १९२९ च्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ या पुस्तकावरून ते घेतलं आहे. लिहायचं असेल तर स्वतःची खोली हवी, हा त्या पुस्तकातला विचार, आणि वेबवर ती खोली म्हणजे स्वतःचा पत्ता. शिक्षण संपल्यावर विद्यार्थी ते डोमेन पुढे स्वतःच्या खर्चाने चालवू शकतो. नंतर इतरही विद्यापीठांनी ही कल्पना उचलली.

साइट म्हणजे एक वस्तू नाही, चार आहेत

नवीन लोकांचा गोंधळ इथेच होतो. कोणत्याही साइटचे चार भाग वेगवेगळे करून बघा:

- पत्ता: लोक टाइप करतात तो. शेवटी डॉट एज्यु असेल तर तो विद्यापीठाचा, तुमचा कधीच नाही.
- सर्व्हर: फाइल्स जिथे पडलेल्या असतात ते मशीन. तेही विद्यापीठाचं किंवा त्यांनी भाड्याने घेतलेलं.
- सॉफ्टवेअर: वर्डप्रेस, थीम, प्लगिन्स. वर्डप्रेस सगळ्यांसाठी मोफत आहे, पण विद्यापीठाने विकत घेतलेली थीम तुमच्याबरोबर येईलच असं नाही.
- मजकूर: तुमचं लिखाण आणि तुम्ही काढलेले फोटो. हाच भाग तुम्ही तयार केलेला, आणि हाच सोबत न्यायचा.

मी कामावर सर्व्हर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवतो, तेव्हाही पहिला प्रश्न हाच असतो: या चारपैकी आपल्या हातात काय आहे?

मोबाइलवरून सुरुवात

लॅपटॉप नसला तरी चालतं.

1. विद्यापीठाच्या आयटी विभागाच्या पानावर जाऊन ‘ब्लॉग’, ‘साइट्स’ किंवा ‘वेब होस्टिंग’ असं शोधा. नेहमीच्या आयडीने लॉगिन करा.
2. साइटचं नाव विचार करून ठेवा. एका विषयाच्या असाइनमेंटचं नाव दिलंत तर दोन वर्षांनी ते विचित्र दिसतं. स्वतःचं नाव सगळ्यात टिकाऊ.
3. लिहायला फोनचा ब्राउझर पुरतो. वर्डप्रेसचं ॲप विद्यापीठाच्या साइटवर कधीकधी लॉगिनच होत नाही, कारण विद्यापीठाचं लॉगिन वेगळ्या दारातून जातं. वर्डप्रेस ५.६ पासून यासाठी ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ची सोय आहे, पण विद्यापीठाने ती चालू ठेवलेली असेल तरच.
4. फोटो टाकण्याआधी लहान करा. फोनचा एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो आणि तुम्हाला मिळालेली जागा मोजकी असते.

आणखी एक. फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला त्याचं लोकेशनही लपलेलं असू शकतं. होस्टेलच्या खोलीतला फोटो टाकताना गॅलरीतून लोकेशन काढून टाका.

‘प्रायव्हेट’ म्हणजे नक्की किती प्रायव्हेट?

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये, सर्च इंजिनांनी ही साइट यादीत घेऊ नये, असा एक पर्याय असतो. त्यावर टिक केली की साइट लपली, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ती गुगलला केलेली विनंती आहे, दाराला लावलेलं कुलूप नाही. लिंक ज्याच्याकडे आहे तो पान उघडू शकतोच.

खरंच बंद ठेवायचं असेल तर पोस्टला पासवर्ड लावा, किंवा तुमच्या सेवेत ‘फक्त लॉगिन केलेल्यांनाच दिसेल’ असा पर्याय आहे का ते बघा. वर्गासाठी लिहिताना खरं नाव द्यायचं नसेल तर टोपणनाव चालेल का, हे प्राध्यापकांना सरळ विचारा.

आता मुख्य काम: सामान बांधणं

माझ्या एका मित्राने एमएस करताना प्रोजेक्टची सुंदर साइट केली होती. सर्किटचे फोटो, आलेख, सगळं पायरीपायरीने. डिग्रीनंतर त्याने शहाणपणाने एक्सपोर्ट फाइल उतरवून ठेवली. वर्षभराने खातं बंद झालं, तेव्हा त्याने नवीन साइट उघडून ती फाइल चढवली. मजकूर सगळा आला. फोटोंच्या जागी मात्र रिकामे चौकोन!

असं का झालं? वर्डप्रेसमध्ये ‘टूल्स’मधून ‘एक्सपोर्ट’ केलं की एक एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात पोस्ट, पानं, कमेंट, कॅटेगरी, टॅग असतात. फोटो मात्र नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. नवीन साइटवर ती फाइल चढवताना वर्डप्रेस त्या पत्त्यांवर जाऊन जुन्या सर्व्हरवरून फोटो ओढून आणतं. जुना सर्व्हरच बंद असेल तर आणणार कुठून?

म्हणून क्रम असा ठेवा:

1. जुनी साइट चालू असतानाच नवीन साइट तयार करा.
2. एक्सपोर्ट फाइल उतरवा. ती नव्या साइटवर ‘इम्पोर्ट’ करताना, फाइल अटॅचमेंटही उतरवून घ्या, या पर्यायावर टिक करायला विसरू नका.
3. थीम, प्लगिन आणि सेटिंग्ज या फाइलमध्ये येत नाहीत. ते नव्याने लावा.
4. प्रत्येक पान उघडून फोटो आणि लिंक तपासा. लिखाणात जुना पत्ता कुठे राहिलाय का, तेही बघा.
5. मूळ फोटो आणि फाइल्सची एक वेगळी प्रत स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा. विद्यापीठाच्या ड्राइव्हवर नको, तोही बंद होऊ शकतो.
6. जुनं पान नव्या पत्त्याकडे वळवता येईल का, असं आयटी विभागाला ईमेल करून विचारा. नाही म्हणाले तर निदान जुन्या साइटवर नव्या पत्त्याची एक ओळ टाका.
7. महत्त्वाची सार्वजनिक पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा.

तुमचं खातं तिसऱ्या प्रकारचं असेल, म्हणजे स्वतःचं डोमेन असेल, तर फाइल्ससोबत डोमेनही हलवायचं असतं. दुसऱ्या कंपनीकडे नेताना ‘ऑथ कोड’ नावाचा एक कोड लागतो. तो जुन्या खात्यातून मिळतो, त्यामुळे खातं बंद व्हायच्या आत मागून घ्या.

आजच विचारायचे चार प्रश्न

- डिग्रीनंतर किती दिवस साइट चालू राहील?
- बंद करण्याआधी ईमेल येतो का, आणि तो विद्यापीठाच्याच ईमेलवर येतो का? (तो ईमेलही बंद झाला असेल तर सूचना वाचणार कोण?)
- एक्सपोर्टचा पर्याय माझ्या खात्यात दिसतो का?
- माजी विद्यार्थ्यांना पैसे भरून साइट पुढे चालवता येते का?

हे ऐकून ‘मग विद्यापीठाची जागा वापरायचीच कशाला’ असं वाटेल. तर जरूर वापरा. पत्त्यात विद्यापीठाचं नाव असलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, जाहिराती सहसा नसतात, अडलं तर विचारायला माणसं असतात. आणि विद्यापीठाचीच जागा बंद होते असंही नाही. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केली तेव्हा लाखो लोकांची पानं एकदम गेली होती. जागा कोणाचीही असो, प्रत आपली हवी.

रेझ्युमेत लिंक देणार असाल तर वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास डॉट कॉम डोमेन मिळतं. साधी साइट गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येते आणि तिला तेच डोमेन जोडता येतं. शेवटचं सेमिस्टर परीक्षा, नोकरी आणि व्हिसाच्या धावपळीत जातं, तेव्हा हे काम तेव्हावर ढकलू नका. आत्ता फोन हातात आहेच. ब्राउझरमध्ये तुमची साइट उघडा, ‘टूल्स’मध्ये जा आणि पहिली एक्सपोर्ट फाइल आजच उतरवून बघा.