बोरीवलीच्या शेतांचें काय झालें ?

शहर वाढत वाढत आपल्या बांधाला येऊन भिडलें म्हणजे खातेदारापुढें दोनच वाटा उरतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. एक, चांगला भाव येतांच जमीन विकून मोकळें व्हावें. दुसरी, न विकतां भाव आणखी चढण्याची वाट पाहावी. तिसरीही एक वाट आहे, पण तिचा विचार फार थोडे करतात. ती म्हणजे शेजारच्या खातेदारांशीं जमीन एकत्र करून, तिची नीट आंखणी करवून, वाढत्या मोलांतील वांटा आपल्याच हातीं ठेवणें. पुणें, नाशिक, कोल्हापूर या शहरांच्या वेशीवर आज जें घडत आहे तें मुंबईच्या उत्तरेस बोरीवलींत पूर्वींच घडून गेलें आहे. म्हणून त्या गांवाची हकीकत शेतकरी वाचकांपुढें ठेवीत आहों.

बोरीवली, एकसर, शिंपोली, मागाठाणें, कान्हेरी, मंडपेश्वर, गोराई हीं साष्टी बेटांतील जुनीं गांवें. पावसाळी भात, वाडींतला भाजीपाला, आंबा, ताड, गवताचीं कुरणें आणि खाडीच्या अंगास मिठागरें, असा येथील धंदा होता. येथील जमिनीच्या उत्पन्नावर दुसऱ्यांचें वसतिस्थान चालावें ही गोष्टही नवी नव्हे. कान्हेरीच्या लेण्यांतील एका शिलालेखांत मंगलथाण, म्हणजे आजचें मागाठाणें, येथील शेत भिक्षुसंघास दान दिल्याचा उल्लेख आहे. तेव्हां शेताचें पीक संघाकडे गेलें, पण शेत शेतच राहिलें.

पुढें आगगाडी आली. सन १८६७ मध्यें मुंबईहून विरारपर्यंत गाडी सुरू झाली, आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी धांवूं लागली. ज्या भातखाचराचें मोल काल पिकाच्या मणांवर ठरत होतें तें आज स्टेशनापासूनच्या अंतरावर ठरूं लागलें. मातीचा कस तोच. मालकानें एक टोपली खतही अधिक घातलें नव्हतें. रूळ, रस्ता, नळ आणि वीज यांनीं तें मोल वाढविलें, व तीं सर्व सार्वजनिक पैशानें किंवा रेल्वेच्या भांडवलानें झालीं. तेव्हां हें वाढीव मोल कोणाच्या पदरीं पडलें, हाच बोरीवलीच्या इतिहासांतील खरा प्रश्न आहे.

तें कसणाराच्या पदरीं फारसें पडलें नाहीं, आणि त्यास केवळ भोळेपणा कारण नव्हे. साष्टींतील पुष्कळ गांवें कंपनी सरकारच्या काळापासून मोठ्या इनामदार मालकांकडे होतीं. जमीन कसणारा बहुधा कूळ. सन १९५१ च्या साष्टी इस्टेटींच्या कायद्यानें या मालकांची सारामाफी गेली, आणि १४ ऑगस्ट १९५१ पूर्वीं वहिवाटीस न आणलेली पडीत जमीन सरकारजमा ठरली. त्यानंतर कूळकायद्यानें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून त्या दिवशीं कुळांस मालक मानलें. परंतु त्याच कायद्याच्या ४३-क कलमानें बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील जमिनी या खरेदीच्या तरतुदींतून वगळल्या होत्या. आणि बोरीवली महानगरपालिकेच्या हद्दींत आली ती १ फेब्रुवारी १९५७ रोजीं, म्हणजे कृषकदिनाच्या अवघे दोन महिने आधीं ! हद्द वाढविणारांच्या मनांत कुळांचा विचार होता किंवा नव्हता यांत शिरण्याचें कारण नाहीं. हद्दीच्या एका रेघेनें कसणाराचा हक्क कसा बदलतो, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. ज्यांचें गांव आज कोणत्या ना कोणत्या हद्दवाढीच्या प्रस्तावांत आहे त्यांनीं आपल्या जमिनीचा धारणाप्रकार आजच तपासून घ्यावा.

आतां ज्यांची मालकी निर्वेध होती त्यांचें काय झालें तें पाहूं. येथें नगररचना योजनेविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण शेतकऱ्यांत तिच्याविषयीं गैरसमज फार. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा सन १९१५ चा. सध्यां चालू आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६. योजनेंत अनेक मालकांचे वेडेवांकडे मूळ भूखंड कागदावर एकत्र करतात, रस्ते व मोकळ्या जागा काढून घेतात, आणि उरलेली जमीन सरळ आकाराच्या अंतिम भूखंडांच्या रूपानें त्याच मालकांस परत देतात. क्षेत्र कमी होतें, पण मोल वाढतें. व वाढीव मोलांतून योजनेच्या खर्चाची वर्गणी घेतात, ती वाढीच्या निम्म्याहून अधिक घेतां येत नाहीं. बोरीवलीच्या कांहीं भागांत अशा योजना झाल्या. तेथील मिळकत पत्रिकांवर 'टी. पी. एस.' आणि 'अंतिम भूखंड क्रमांक' हे शब्द आजही दिसतात.

क्षेत्र कमी होऊन मोल वाढतें हें अनेकांस पटत नाहीं. म्हणून एक हिशेब करून पाहूं. समजा, एका खातेदाराची चार एकरांची पट्टी आहे : रुंदी एक सांखळी म्हणजे ६६ फूट, आणि लांबी अर्धा मैल म्हणजे २,६४० फूट. वांटण्या होऊन होऊन अशा पट्ट्या आपल्याकडे गांवोगांव पडल्या आहेत. या खातेदारानें एकट्यानें भूखंड पाडावयाचे ठरविलें तर मधून निदान ३० फुटी रस्ता हवा. तो काढल्यावर दोहों बाजूंस अठरा अठरा फूट उरतात. शेंकडा ४५ जमीन रस्त्यांत गेली, आणि राहिलेल्या जागेंत सोयीचें घर बसत नाहीं. रस्ता एका कडेनें नेला तरी जाणारें क्षेत्र तेवढेंच. आतां लगतच्या तशाच दोन पट्ट्या तिच्याशीं जोडा. रुंदी १९८ फूट झाली. तोच ३० फुटी रस्ता मधून काढला कीं दोहों बाजूंस ८४ फूट खोलीचे उत्तम भूखंड पडतात, आणि रस्त्यांत जाते ती शेंकडा १५ जमीन. बारा एकरांत साडेतीन एकरांहून अधिक बचत केवळ बांध मोडल्यानें झाली ! यांत सरकारचें अनुदान नाहीं कीं कोणाची मेहेरबानी नाहीं. उपनगरांत जेथें अशी जोडणी झाली नाहीं तेथें अरुंद, एकमेकींस न मिळणाऱ्या गल्ल्या पाहाव्या. प्रत्येक गल्लीच्या कडेला एक जुना बांध गाडलेला आहे असें समजावें.

येथेंच एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. घर शोधणारे लोक एकत्र आले, आणि जमीन देणारे एकटेच राहिले. मुंबईंत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नानें सन १९१५ मध्यें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. पगारदार, मध्यम स्थितीचीं हीं माणसें. एकट्यादुकट्यास घर बांधणें अशक्य, म्हणून भाग काढून, कर्ज काढून तीं घरवालीं झालीं. तोच नमुना पुढें उपनगरांत पसरला. आज बोरीवलींत ज्या इमारतीकडे बोट दाखवावें ती बहुधा 'सोसायटी' असते. जमीन संस्थेची, गाळा सभासदाचा, जिना, पाणी व अंगण सर्वांचें. खरेदीदारांच्या रक्षणासाठीं सन १९६३ चा मालकी सदनिका कायदा झाला, पुढें सन २०१७ पासून महारेरा आली. शेतकऱ्यांत सहकार नव्हता असें नाहीं. साखर, दूध, पतपेढी यांत तो महाराष्ट्रभर होता. पण जमीन विकतांना मात्र जो तो आपापली पट्टी घेऊन गुपचूप दलालाकडे गेला, आणि शेजाऱ्यास काय भाव मिळाला हें दोघांनींही एकमेकांपासून लपविलें. आमच्या मतें बोरीवलींत शेतकरी बुडाला असेल तर तो येथें.

एकत्र वस्तीचा आणखी एक प्रयोग या भागांत झाला, तो मुद्दाम पाहून येण्याजोगा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानें सन १९८५ ते १९९४ या काळांत म्हाडानें बोरीवलीजवळ गोराई व कांदिवलीजवळ चारकोप येथें बांधलेलीं घरें देण्याऐवजीं लहान लहान भूखंड दिले. रस्ता, पाणी, गटार यांची सोय सरकारनें केली. घर ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें बांधावें. चारकोपास पस्तीस कुटुंबांचा एक गट, मध्यें सामायिक चौक, आणि त्या गटाची एक सहकारी संस्था, अशी रचना ठेवली. आज तेथें पक्कीं, मजल्यांचीं घरें उभीं आहेत. आपल्या दृष्टीनें त्यांतील मर्म पैशाच्या रचनेंत आहे. त्याच जमिनींतील मोठे व मोक्याचे भूखंड बाजारभावानें विकून गरिबांच्या भूखंडांचा खर्च भागवावयाचा, हें तत्त्व होतें. शेतकऱ्यांच्या गटासही तें जसेंच्या तसें लागू पडतें. हमरस्त्यालगतचे चार भूखंड आधीं विकावे, त्या पैशांतून आंतले रस्ते, गटारें व नळ करावे, म्हणजे आंतल्या भूखंडांचें मोल आपोआप चढतें व सावकाराकडे जावें लागत नाहीं. मात्र त्यासाठीं हमरस्त्यालगतचा मालक आणि आंतला मालक एका खात्यांत असले पाहिजेत. ते वेगळे असले कीं पहिला विकून जातो व दुसरा अडकून पडतो.

असा गट शेतकऱ्यांनीं स्वतः करून दाखविल्याचें उदाहरण पुण्याजवळ हडपसर येथें मगरपट्ट्याचें आहे. सुमारें १२० कुटुंबें आणि सुमारें ४०० एकर ऊंसाची जमीन. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकारानें या कुटुंबांनीं जमीन विकली नाहीं. स्वतःची कंपनी काढली व ज्याची जितकी जमीन तितके त्यास भाग दिले. सन २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालें. घरें विकलीं, कचेऱ्यांच्या इमारती भाड्यानें दिल्या, आणि बांधकामाचीं कंत्राटें घरांतल्या तरुणांनींच घेतलीं. हें सर्वत्र साधेल असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तेथें बहुतेक एक भाऊकी होती, आणि ज्याच्या शब्दावर सर्व सही करतील असा एक माणूस होता. जेथें बांधावरून तीन पिढ्यांचे दावे चालू आहेत तेथें आधीं दावे मिटवावे लागतील.

याच्या उलट बाजू नव्या मुंबईची. तेथें सिडकोसाठीं संपादन झालेल्या जमिनींबद्दल जानेवारी १९८४ मध्यें श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जासई परिसरांत आंदोलन झालें, गोळीबारांत पांच शेतकरी प्राणास मुकले, आणि पुढें शेंकडा साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण आलें. एवढ्या मोलानें मिळालेला तो वांटा पुष्कळांनीं भूखंड हातीं येण्याआधींच विकून टाकला.

ज्या वाचकांकडे आज विकासक येऊन बसला आहे त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. विकसन करारनामा व त्याबरोबरचें कुलमुखत्यारपत्र हे दोन कागद वेगळे वाचावे. पहिल्यांत वांटा लिहिलेला असतो, दुसऱ्यांत सर्व अधिकार देऊन टाकलेले असतात. उत्पन्नांत किंवा बांधलेल्या क्षेत्रांत वांटा घेणारा जमीनमालक महारेराकडे प्रवर्तक म्हणून धरला जातो, तेव्हां विकासकाच्या चुकीचा ताप आपल्याही दारीं येऊं शकतो. इमारत पुरी होऊन सोसायटी झाली म्हणजे तिच्या नांवें जमिनीचें अभिहस्तांतरण करून देणें कायद्यानें बंधनकारक आहे. बोरीवलीसारख्या उपनगरांत तें वर्षानुवर्षें रखडल्यानें जुन्या मालकांचीं नांवें पत्रिकेवर तशींच राहिलीं, व शेवटीं मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. राहिलेल्या नांवावर पुढें कांहीं मिळेल या आशेनें बसूं नये. करारांतच कालमर्यादा घालावी, आणि जादा चटईक्षेत्र मिळाल्यास त्यांत कोणाचा किती भाग हेंही तेव्हांच लिहून घ्यावें.

प्राप्तिकराचें गणित हद्दीवर फिरतें. नगरपालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येप्रमाणें दोन, सहा किंवा आठ किलोमीटरांच्या आंत असलेली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर बसतो, त्यापलीकडे बसत नाहीं. नोंदणीकृत संयुक्त विकासाच्या करारांत व्यक्ति किंवा एकत्र कुटुंब असेल तर हा कर सही केल्याच्या वर्षीं नव्हे, तर बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याच्या वर्षीं देय होतो. एकत्र येणारांस ही सवलत मोठी आहे.

आणि गट करावयाचा तर सर्वांत आधीं सात-बारा मोकळा पाहिजे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलगी मुलाप्रमाणेंच जन्मतः सहदायाद आहे. तेव्हां बहिणींस न विचारतां भावांनीं केलेल्या सह्यांवर दहा खातेदारांची आंखणी उभी करूं नये. एकीनें हरकत घेतली तरी सर्वांचें काम थांबतें. वारसनोंदी, वांटण्या व बहिणींचा हिस्सा किंवा त्यांचें नोंदणीकृत हक्कसोडपत्र, एवढें महसुली दप्तरीं लागल्यावरच मोजणीचा अर्ज करावा.