बालरुग्णांतील मास्क वायुवीजन

बालरुग्णांतील मास्क वायुवीजन ही भूल दिलेल्या बालकाच्या नाकातोंडावर मास्क घट्ट धरून, पिशवी दाबून फुप्फुसांत ऑक्सिजन पोहोचविण्याची पद्धत आहे. श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी, तसेच तो प्रयत्न फसल्यास, बालकाचा ऑक्सिजनपुरवठा हिच्यावर अवलंबून असतो.

अडथळ्याची कारणे

तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने पाठीवर निजविल्यास मान पुढे वाकते. जीभही तोंडाच्या मानाने मोठी असते. पुढील वयात टॉन्सिल व नाकामागील अ‍ॅडिनॉइड वाढलेले असू शकतात. भुलीने घशाचे स्नायू सैल पडले की जीभ व मृदू टाळू मागे सरकून श्वसनमार्ग अडवितात. तान्ह्या मुलास वजनाच्या प्रमाणात प्रौढाच्या सुमारे दुप्पट ऑक्सिजन लागतो. त्यामुळे श्वास अडल्यास रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने घटतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात.

तंत्रे

* डोक्याची स्थिती : तान्ह्या मुलाच्या खांद्यांखाली कापडाची घडी ठेवतात. डोके फार मागे झुकविणे टाळतात.
* हनुवटी उचलणे : बोटे जबड्याच्या हाडावरच ठेवतात. हनुवटीखालील मऊ भाग दाबला गेल्यास जीभ टाळूला टेकते आणि अडथळा वाढतो.
* जबडा पुढे ओढणे : जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटे ठेवून तो पुढे उचलतात व तोंड किंचित उघडे ठेवतात. जर्मन शल्यचिकित्सक एस्मार्क (१८२३–१९०८) यांचे नाव या कृतीशी जोडलेले आहे.
* दोघांनी मिळून वायुवीजन : एक जण दोन्ही हातांनी मास्क व जबडा धरतो, दुसरा पिशवी दाबतो.
* गुडेल नळी : तोंडातून घालावयाची ही वक्र नळी जिभेमागील वाट मोकळी ठेवते. भूल पुरेशी खोल नसताना ती घातल्यास स्वरयंत्राचे आकुंचन होऊ शकते.

दाबाची मर्यादा

मार्ग अडलेला असताना पिशवी जोराने दाबल्यास हवा जठरात शिरते. पोट फुगून श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसे पुरती प्रसरण पावत नाहीत आणि उलटीचा धोका वाढतो. त्यामुळे दाब सामान्यतः १५ सेंटिमीटर जलस्तंभाच्या आत ठेवतात. आधी मार्ग मोकळा करणे, मग दाब देणे, असा क्रम पाळला जातो. छातीची हालचाल व उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख यांवरून वायुवीजनाची खात्री करतात.

भारतातील मार्गदर्शक तत्त्वे

ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये १ ते १२ वर्षे वयाच्या मुलांत नळी घालताना येणाऱ्या अनपेक्षित अडचणींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती तयार करण्यात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील भूलतज्ज्ञांचाही सहभाग होता.