आरोग्य तपासणी आणि इन्सुलिन प्रतिरोधाचे मापन

प्रस्तावना : आरोग्य तपासणीत उपाशीपोटीची रक्तशर्करा १०० मिलिग्रॅमच्या आत आली की बहुतेक व्यक्ती निश्चिंत होतात. ही निश्चिंती नेहमीच साधार असते असे नाही. स्नायू, यकृत व मेदपेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या, की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवून शर्करा आटोक्यात ठेवते. या अवस्थेस इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. ती अनेक वर्षे टिकू शकते. स्वादुपिंडाची क्षमता घटू लागल्यावरच शर्करा वाढते. म्हणजेच शर्करा हा उशिरा मिळणारा इशारा होय.

मापनाची पद्धत : १९७९ मध्ये वर्णिलेली ‘क्लॅम्प’ पद्धत अचूक असली तरी तिला काही तास लागतात. १९८५ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी ‘होमा’ हे सोपे गणित मांडले. उपाशीपोटीची शर्करा व इन्सुलिन यांच्या गुणाकारास ४०५ ने भागले की निर्देशांक मिळतो. दोन व्यक्तींची शर्करा ९५ मिलिग्रॅमच आहे, परंतु इन्सुलिन अनुक्रमे ८ व २० एकके आहे असे मानल्यास त्यांचे निर्देशांक सुमारे १.९ व ४.७ येतात. केवळ शर्करा पाहिल्यास हा फरक लपून राहतो.

भारतीय संदर्भ : पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. सडपातळ दिसणारा भारतीय सुरक्षित असतोच असे नाही, हे यावरून लक्षात येते.

मर्यादा : प्रयोगशाळांनुसार इन्सुलिनच्या मोजणीत फरक पडतो; त्यामुळे निर्देशांकाची सर्वमान्य सीमारेषा नाही. म्हणून ही चाचणी सरसकट करण्याऐवजी प्रथम कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल व रक्तदाब पाहणे इष्ट ठरते. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर वा अधिक घेर हा धोक्याचा संकेत मानला जातो. असे संकेत एकत्र आढळल्यास वैद्यकीय सल्ल्याने इन्सुलिनची चाचणी उपयुक्त ठरू शकते.

समारोप : २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात, शर्करा-सहनशीलता घटलेल्या व्यक्तींनी आहार व व्यायामात बदल केल्यावर मधुमेहाचा सापेक्ष धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. धोका लवकर ओळखून त्यानुसार दिनचर्या बदलली, तरच तपासणीचे सार्थक होते.