भिंत न फोडता घरात नवे प्लग पॉइंट : सोय हवी, पण जीव आधी

सोलापूरच्या जुन्या पेठांत अजूनही माळवदाची घरे आहेत. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे छत. ही घरे बांधली तेव्हा एका खोलीत एक बल्ब आणि फार तर एक पंखा, एवढीच विजेची गरज होती. आज त्याच खोलीत कूलर, टीव्ही, तीन-चार मोबाइल, शिलाई मशीनची मोटर आणि इस्त्री असते. प्लग मात्र एकच! मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो, त्यावर दुसरा बोर्ड लागतो आणि वायर चटईखालून पलंगापर्यंत जाते.

आमच्या घरीही हेच होते. रमजानमध्ये सहरीच्या वेळी मिक्सर चालू होता आणि त्याच बोर्डवर कुणीतरी इस्त्री लावली. थोड्या वेळाने जळका वास आला. पाहिले तर बोर्डचे प्लास्टिक वितळून काळे पडले होते. अम्मींनी मेन स्विच बंद केला म्हणून निभावले. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्या आगीमागे शॉर्ट सर्किटचा प्राथमिक अंदाज वर्तवला गेला होता. ते दुःख शहर विसरलेले नाही. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

बोर्ड का वितळला?

हिशेब सोपा आहे. घरातली वीज 230 व्होल्टची. लहान प्लग 6 अँपिअरचा, म्हणजे तो जास्तीत जास्त 1380 वॅट झेपवतो. इस्त्री 1000 वॅट आणि मिक्सर 750 वॅट, मिळून 1750. म्हणजे साडेसात अँपिअरच्या वर! दहावीच्या विज्ञानात आम्ही मुलांना शिकवतो की प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. धडा पुस्तकातला, पण परीक्षा घरात होते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. प्लग वाढवले म्हणून वायरची ताकद वाढत नाही. जुन्या पातळ वायरवर चार नवे प्लग बसवणे म्हणजे एका हातगाडीवर चार गाड्यांचा माल लादणे.

भिंत का फोडू नये?

मातीच्या भिंतीत झिरी मारली की माती ढासळते, कधी दगडही हलतो. भाड्याच्या घरात मालक परवानगी देत नाही. आरसीसीच्या घरात कॉलम-बीम कापणे तर चुकीचेच. म्हणून भिंतीवरून, उघड्यावर केलेली पट्टी वायरिंग हा चांगला मार्ग आहे. ती दिसते, म्हणून खराब झाली तर लगेच कळते. घर बदलताना काढताही येते.

काम कसे करून घ्यावे?

पहिला मार्ग सर्वात स्वस्त. फक्त मोबाइल, टीव्ही, टेबल फॅन यांसाठी प्लग हवा असेल तर आहे त्याच बोर्डची जुनी प्लेट काढून मोठी, जास्त सॉकेटची प्लेट बसवता येते. मात्र त्यावर इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड लावायचा नाही.

दुसरा मार्ग पट्टी वायरिंगचा. डीबीपासून नवी वायर पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून छताच्या कडेने किंवा दाराच्या चौकटीलगत आणायची आणि भिंतीवर बसणारा सरफेस बॉक्स लावायचा. मातीच्या भिंतीत गिट्टी आणि स्क्रू धरत नाहीत. तिथे आधी लाकडी पट्टी मजबूत जागी, चौकटीला किंवा तुळईला ठोकून तिच्यावर केसिंग बसवावी.

तिसरा मार्ग पीव्हीसी पाइपचा. स्वयंपाकघर, गच्ची किंवा जिथे धक्का लागण्याची भीती आहे तिथे क्लिपांनी बसवलेला पाइप पट्टीपेक्षा टिकतो.

वायर आयएसआय मार्कची, तांब्याचीच घ्यावी. दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या पॉवर प्लगला किमान 2.5 आणि एसी किंवा मोठ्या गिझरला साधारणपणे 4. पॉवर प्लगची लाइन डीबीपासून वेगळी असावी आणि तिला स्वतःचा एमसीबी असावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा बसवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून चोराला दार उघडणे होय. तो पडतो, कारण वायर थकली आहे.

तिसरी पिन तोडू नका

सोलापूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कूलर घरोघरी असतो. त्यात पाणी, जवळच मुले, आणि कित्येक घरांत अर्थिंगच नाही. प्लग बसत नाही म्हणून काही जण जाड तिसरी पिन कापून टाकतात. हे करू नये. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी वाट म्हणजे ती पिन. ती नसेल तर वाट माणसाच्या शरीरातून जाते. नव्या प्रत्येक प्लगला हिरवी अर्थ वायर आलीच पाहिजे. ती न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला जोडणे घातक आहे.

शक्य असेल तर डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो.

काम कुणाकडून?

बल्ब किंवा खराब स्विच बदलणे वेगळे. नवा पॉइंट काढणे हे परवानाधारक कंत्राटदाराचे आणि परवाना असलेल्या वायरमनचे काम, असे नियमच सांगतात. गल्लीतला ओळखीचा मुलगा दोनशे रुपये कमी घेईल, पण "परवाना दाखव भाऊ" म्हणायला लाजू नये. काम झाल्यावर त्याच्याकडून टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासून घ्यावे. महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो. एसी किंवा गिझर घेण्याआधी तो आकडा वाचावा आणि कमी असेल तर वाढवून घ्यावा.

आज रात्री एवढे करा. घरातल्या प्रत्येक एक्स्टेन्शन बोर्डला बंद केल्यावर हात लावून पाहा. गरम लागला, किंवा पिनेभोवती पिवळा-काळा डाग दिसला, तर उद्या सकाळी वायरमनला बोलवा. आम्ही तो वास येईपर्यंत थांबलो होतो. तुम्ही थांबू नका.